मोकळं चरलेलं मटण वेगळं का लागतं: चारा विचारायच्या आधी वय विचारा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मी बरोबर समजलोय का ते कळेल. 'फक्त गवतावर वाढलेलं, मोकळं चरलेलं' असं सांगून विकलेलं मेंढीचं मटण तुम्ही मुद्दाम जास्त पैसे मोजून आणलं. नेहमी करता तसंच आणि नेहमी लागतो तेवढाच वेळ शिजवलं, तर वातड झालं आणि वर एक उग्र वास. सासऱ्यांनी मागून मागून खाल्लं, मुलांनी ताट सरकवलं. आणि आता तुम्हाला कळत नाहीये की जनावर काय खातं, कसं राहतं याने चव खरंच बदलते की हे सगळं लेबलचे धंदे आहेत.

चव बदलते, त्यात वाद नाही. पण तुमच्या पातेल्यात जे झालं त्यात चाऱ्याचा हात किती आणि बाकीच्यांचा किती हे वेगळं काढावं लागेल, कारण 'मोकळं चरलेलं' या दोन शब्दांत चार गोष्टी कोंबलेल्या असतात: जनावराने काय खाल्लं, किती चाललं, किती वर्षांचं होतं आणि शेवटचे एक-दोन दिवस त्याचे कसे गेले. लेबल पहिल्या दोन सांगतं. माझ्या अनुभवात उरलेल्या दोन जास्त भारी पडतात. मी बावीस वर्षं मांस कापतोय, मध्ये शेळ्यामेंढ्या पाळल्या, कोंबड्या पाळल्या, एकदा चार डुकरंही पाळून बघितली, त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं हात पोळून शिकलेलं आहे.

आधी चारा. आपण म्हणतो चाऱ्याची चव मांसात उतरते, पण ती उतरते मुख्यतः चरबीत, लाल मांसात फार कमी. हे लक्षात ठेवलं तर अर्धं कोडं सुटतं. १९६० च्या सुमारास अमेरिकेत हॉर्नस्टीन आणि क्रो या दोन शास्त्रज्ञांनी गाय, डुक्कर आणि मेंढी यांच्या चरबी काढलेल्या मांसाचा अर्क गरम करून बघितला, तर तिन्हींचा वास जवळजवळ सारखाच आला, नुसता 'मांस शिजतंय' एवढाच. कुठल्या जनावराचं ते कळायला लागलं चरबी गरम केल्यावर. म्हणजे भाजलेल्या मांसाचा जो मूळ खमंगपणा असतो तो सगळ्या जनावरांत थोड्याफार फरकाने तोच, स्नायूतली अमिनो आम्लं आणि साखरा तापल्या की तयार होतो. ओळख पटते ती चरबीवरून.

मला हे वाचून पटलं नव्हतं, म्हणून कामावरच्या दोन पोरांवर प्रयोग केला. मेंढीच्या मांडीचा तुकडा घेतला, दिसेल तेवढी चरबी, पापुद्रे, सगळं बारीक सुरीने खरवडून काढलं, त्यात तासभर गेला. खिमा केला, दोन भाग केले. एकात त्याच मेंढीची चरबी मिसळली, दुसऱ्यात कोंबडीची. मीठ सोडून काही नाही, सपाट टिक्क्या करून कोरड्या तव्यावर टाकल्या. पहिली टाकल्या टाकल्या सगळ्या खोलीत मेंढी आली. दुसरी खाऊन एक पोरगा म्हणाला, हे चिकनच आहे ना, पण रंग असा का? डोळ्यासमोर लाल मांस दिसत असूनसुद्धा! तुम्हाला घरी करायचं असेल तर जरूर करा, पण चरबी खरंच नीट काढा, आतमध्ये धाग्याधाग्यांत थोडी राहतेच आणि तेवढीसुद्धा बोलते.

आता चारा चरबीत कसा जातो हे जनावराच्या पोटावर आहे. डुक्कर आणि कोंबडी ही एका पोटाची, जे तेल खातात ते जवळजवळ तसंच अंगावर चढवतात. त्यांना शेंगदाणे किंवा सोयाबीन भरपूर दिलं तर चरबी मऊ, तेलकट होते, खोलीच्या तापमानालासुद्धा घट्ट बसत नाही, कापताना सुरीवरून घसरते. माझ्या चार डुकरांपैकी दोघांना मी स्वस्त पडतं म्हणून शेंगदाण्याचा चुरा खाऊ घातला होता, त्यांची चरबी फ्रीजमधून काढल्यावर दहा मिनिटांत पसरायला लागली.

याच गोष्टीचा फायदा स्पेनमध्ये शतकानुशतकं करून घेतलाय. तिथल्या इबेरिको जातीच्या डुकरांना शेवटच्या टप्प्यात, शरद ऋतूपासून हिवाळा संपेपर्यंत, ओकच्या झाडांखाली सोडतात आणि ती पडलेली फळं खातात, दिवसाला ६ ते १० किलोपर्यंत. ओकच्या फळात ओलेइक आम्ल भरपूर, म्हणजे ऑलिव्हच्या तेलात असतं तेच, आणि ते डुकराच्या चरबीत जाऊन बसतं, म्हणून त्या हॅमची चरबी जिभेवर ठेवली की विरघळते. आणि नियम बघा किती नेमका: २०१४ च्या कायद्यानुसार त्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या हॅमसाठी डुकराने ओकच्या फळांवर आणि गवतावर किमान ६० दिवसांहून जास्त राहून किमान ४६ किलो वजन वाढवलेलं असावं लागतं. म्हणजे जन्मभर काय खाल्लं यापेक्षा शेवटची चरबी कशावर चढली याचा हिशेब त्यांनी धरलाय. मला तो अगदी बरोबर वाटतो, आपणही तेच विचारायला पाहिजे.

उलटा अनुभव माझा कोंबड्यांचा. खाद्यात फिशमील, म्हणजे वाळवलेल्या माशांची भुकटी, होतं, वाढीच्या काळात चालतं ते, पण कापायच्या आधी दोन-तीन आठवडे बंद करायचं असतं. माझ्याकडे तीन पोती उरली होती आणि वाया कशाला घालवायची म्हणून मी शेवटपर्यंत तेच घालत राहिलो. कोंबड्या दिसायला एकदम झकास. शिजवल्यावर मात्र पातेल्याचं झाकण उघडलं की माशाच्या डब्याचा वास. साठ कोंबड्या, आणि प्रत्येक घरातून फोन. जवसाचं तेल किंवा माशाचं तेल खाद्यात जास्त झालं तरी हेच होतं, ओमेगा-३ चढतं खरं, पण तापवल्यावर ते फुटून मासळीसारखा वास देतं.

रवंथ करणाऱ्या जनावरांची गोष्ट वेगळी, म्हणजे गाय, मेंढी, शेळी. त्यांच्या कोटीपोटात जिवाणूंचा कारखाना असतो, तो आलेल्या तेलाचा आधी कायापालट करतो, त्यामुळे त्यांची चरबी घट्ट असते आणि चारा तिच्यात थेट उमटत नाही. पण जे थोडं सुटून पुढे जातं तेवढ्यानेही फरक पडतो. हिरव्या गवतात लिनोलेनिक आम्ल जास्त, त्यातून हिरवट, कधी किंचित मासळीकडे झुकणारा वास. मका-धान्यात लिनोलेइक जास्त, त्यातून तळणीसारखा खमंग वास, आणि धान्यावरच्या बीफमध्ये लॅक्टोन नावाचे पदार्थ जास्त सापडतात ज्यांचा वास गोडसर, लोण्यासारखा असतो. बहुतेकांना 'छान बीफ' म्हणून जी चव माहिती असते ती या धान्याच्या चरबीची असते, त्यामुळे गवतावरचं पहिल्यांदा खाल्लं की चुकल्यासारखं वाटतं.

आणि तुमचा तो उग्र वास. मेंढीत दोन वेगवेगळे वास असतात आणि लोक दोन्हींना एकच नाव देतात, तिथे गोंधळ होतो. एक आहे 'मेंढीपणा', तो फांद्या फुटलेल्या साखळीच्या मेदाम्लांमुळे येतो. त्यातलं ४-मिथाइल ऑक्टॅनॉइक आम्ल सगळ्यात महत्त्वाचं, अगदी कणभर असलं तरी नाकाला कळतं. हे वयाबरोबर वाढतं, खच्ची न केलेल्या नरात जास्त असतं, आणि गंमत म्हणजे धान्यावर वाढवलेल्या कोकरांत गवतावरच्यापेक्षा जास्त सापडतं. दुसरा वास आहे स्कॅटोलचा. ताज्या गवतात प्रथिनं भरपूर आणि ती कोटीपोटात पटकन फुटतात, त्यातल्या ट्रिप्टोफॅनपासून तिथले जिवाणू स्कॅटोल बनवतात आणि ते जाऊन चरबीत बसतं. नावच ग्रीकमधल्या शेणाच्या शब्दावरून पडलंय, यावरून समजा. लसूणघास किंवा क्लोव्हरवर चरलेल्या मेंढ्यांत तर आणखी. म्हणजे 'फक्त गवत' हे लेबल काही वास कमी व्हायची हमी नाही, एक कमी होतो आणि दुसरा वाढतो. मुलांनी ज्याला नाक मुरडलं तो बहुधा हा गोठ्याकडे झुकणारा दुसरा वास असावा, आणि जनावर वयाने मोठं असेल तर पहिलाही होताच. नक्की कुठला ते वास घेतल्याशिवाय सांगता येणार नाही.

काही चारे थेट डाग पाडतात ते वेगळंच. रानटी लसूण, कांद्याची पात, मोहरी-कोबीच्या कुळातला पाला, हे कापायच्या आधी भरपूर खाल्लं तर वास राहतो, दुधात तर काही तासांत येतो. म्हणून असा चारा दिला असेल तर कापायच्या आधी जनावर साध्या गवतावर आणतात.

लोकांचा एक गैरसमज मात्र इथेच काढून टाकतो. फ्रान्समध्ये मों-सें-मिशेलच्या आसपास भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या खारट कुरणांवर मेंढ्या चरतात, त्यांचं मटण नावाजलेलं आहे आणि पुष्कळजण म्हणतात की ते 'आतूनच खारट' असतं. जनावराचं मूत्रपिंड काय झोपा काढतं का? जास्तीचं मीठ ते बाहेर टाकतं, मांसातलं मीठ तेवढंच राहतं. फरक पडतो तो तिथल्या खास वनस्पतींमुळे, आणि चरायला मैलोनमैल चालावं लागतं त्यामुळे. जपानी वाग्यूला बिअर पाजतात, मालिश करतात म्हणून ते मऊ असतं ही दुसरी लोणकढी. त्यात मांसात पसरलेली चरबी येते ती जातीच्या रक्तातून आणि बरेच महिने धान्य घातल्यामुळे.

गवताचा अजून एक गुण सांगायचा राहिला. ओल्या गवतात ई जीवनसत्त्व भरपूर, ते चरबी खवट व्हायला आडकाठी करतं. गाईच्या गवतावरच्या चरबीला पिवळट रंग येतो तो कॅरोटीनचा, पिवळी दिसली म्हणून शिळी समजू नका. शेळी-मेंढी कॅरोटीनचं ए जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून त्यांची चरबी गवत खाऊनही पांढरीच, रंगावरून चारा ओळखायला जाल तर फसाल. आणि वाळवून महिनोन्महिने ठेवलेल्या चाऱ्यात ई जीवनसत्त्व बरंच कमी झालेलं असतं, त्यामुळे 'गवतावरचं' म्हणताना ओलं की वाळलं हाही प्रश्न उरतोच.

म्हणजे इथवर एवढं धरा: चारा चरबीत, शेवटचे काही आठवडे-महिने सगळ्यात महत्त्वाचे, कोंबडीत दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो, मोठ्या जनावरात साधारण तीन महिने लागतात.

आता चाल. ती चरबीत नसते, स्नायूत असते. जो स्नायू दिवसभर हळूहळू काम करतो त्याला सतत प्राणवायू लागतो, म्हणून त्यात मायोग्लोबिन (प्राणवायू धरून ठेवणारं लाल प्रथिन) जास्त, लोह जास्त, रंग गडद, आणि चव गाढ, थोडी काळजाकडे झुकणारी. जो स्नायू क्वचित झटक्यात वापरला जातो तो फिका आणि सौम्य. कोंबडीच्या एकाच अंगावर दोन्ही दिसतात: ती चालते दिवसभर म्हणून तंगडी गडद, उडते एखाद्या झेपेपुरती म्हणून छाती पांढरी. बदक-कबुतराची छाती गडद लाल असते कारण ते पक्षी खरोखर लांब उडतात. जनावर जास्त हिंडलं की स्नायू या गडद बाजूला सरकतात, पण किती सरकतात? माझ्या बघण्यात लोक समजतात त्यापेक्षा फार कमी. चार पायांच्या मोठ्या जनावरात त्याच जनावराच्या मानेत आणि पाठीत जेवढा फरक असतो तेवढा मोकळ्या आणि बांधलेल्या जनावराच्या पाठीत मी कधी बघितला नाही. त्यामुळे चवीचं मांस हवं असेल तर लेबल बदलायच्या आधी तुकडा बदलून बघा, मान, खांदा, नळी मागा.

गडद मांसाला एक तोटाही आहे. त्यात लोह जास्त आणि नाजूक मेदही जास्त, त्यामुळे शिजवून फ्रीजमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गरम केलं की एक शिळकट, पुठ्ठ्यासारखा वास येतो. तुमचं दुसऱ्या दिवशी जास्त वास मारत होतं असं तुम्ही लिहिलंय ना, ते यामुळे, मटण खराब नव्हतं.

आणि मोकळं फिरणं म्हणजेच चव असं मानणाऱ्यांना मी नेहमी फ्रान्सच्या ब्रेस कोंबडीचं उदाहरण देतो. १९५७ पासून तिच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, प्रत्येक कोंबडीला किमान १० चौरस मीटर गवत हिंडायला लागतं, किडे, गवत, वर धान्य आणि दूध. एवढं सगळं झाल्यावर शेवटी काय करतात? अंधाऱ्या, शांत जागी लाकडी खुराड्यात कोंडतात आणि चरबी चढवतात. हिंडून आलेला घट्टपणा आणि बसून आलेली चरबी, दोन्ही पाहिजे. ज्यांनी शेकडो वर्षं कोंबडी या एकाच गोष्टीवर डोकं चालवलंय त्यांनी सुद्धा नुसत्या मोकळेपणावर भरवसा ठेवलेला नाही.

पण मोकळ्या कोंबडीला चव जास्त असते हे खरं आहे, मग ती कुठून येते? माझं ठाम मत आहे की त्यातला मोठा वाटा वयाचा. ब्रॉयलर साधारण ३५ ते ४२ दिवसांत कापला जातो. फ्रान्समध्ये लाबेल रूज हा शिक्का मिळवायला कोंबडी किमान ८१ दिवसांची असावी लागते. दुप्पट वय! हळू वाढणारी जात, दुप्पट वय आणि वर हिंडणं, हे तिन्ही एकत्र येतात आणि श्रेय फक्त हिंडण्याला जातं कारण ते फोटोत छान दिसतं. मी एकदा हळू वाढणाऱ्या जातीची पिल्लं दोन भागांत केली होती, खाद्य एकच, निम्मी अंगणात सोडली आणि निम्मी ऐसपैस शेडमध्ये ठेवली, सगळी तीन महिन्यांची झाल्यावर कापली. मोकळ्यांचं मांस किंचित घट्ट, तंगडीचा रंग जरा गडद. चवीत मला फरक ओळखता आला नाही, घरातल्या पाच जणांपैकी कुणालाही आला नाही. मात्र त्याच वेळी आणलेल्या ४० दिवसांच्या ब्रॉयलरपुढे दोन्ही ढीगभर सरस. माझा प्रयोग काही शास्त्रीय नव्हता, पण तेव्हापासून मी आधी वय विचारतो.

वय वाढलं की मायोग्लोबिन वाढतं, चव साठत जाते, आणि त्याचबरोबर मांस निबर होतं. इथे तुमचा वातडपणा आला. स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजेन कोवळ्या जनावरातही असतं आणि जुनातही असतं, प्रमाणात फार फरक नसतो, पण जून जनावरात त्याच्या दोऱ्यांना आडवे टाके पडत जातात, आणि ते टाके उष्णतेला सहजासहजी दाद देत नाहीत. साधारण ६० अंशांच्या वर कोलॅजेन आकसतं आणि मांसातलं पाणी पिळून काढतं, तुकडा चामट होतो. पण तेच ७०-८० च्या पुढे बराच वेळ ठेवलं तर विरघळून जिलेटिन होतं आणि तोच तुकडा चमच्याने तुटतो. कोवळ्या कोकराला जो वेळ पुरतो तो जुनाला अर्ध्या वाटेवरच सोडतो. गवतावर जनावर हळू वाढतं, तेवढ्याच वजनाला पोचायला धान्यावरच्यापेक्षा काही महिने जास्त घेतं, म्हणजे गवतावरचं आणलंत तेव्हा नकळत जास्त वयाचंही आणलंत. त्यात चरबीही कमी, म्हणजे कोरडं पडायला वेळ लागत नाही. नेहमीच्या वेळात काढलंत तिथेच ते फसलं.

नर खच्ची केलेला होता का हा वयाला जोडूनच प्रश्न. बोकडासारखा वास येतो म्हणतात तो वास शेळीच्या वयात आलेल्या नराचा, ४-एथिल ऑक्टॅनॉइक आम्लाचा, आणि तो चरबीत असतो त्याहून जास्त केसांवर-कातडीवर असतो. सोलताना ज्या हाताने कातडी धरली तोच हात मांसाला लावला तर चांगल्या मांसालाही वास बसतो. नवीन असताना मी असा एक अख्खा बोकड घालवला होता, उस्तादाने काही न बोलता माझे हात माझ्याच नाकासमोर धरले. आता कातडीचा हात वेगळा, मांसाचा हात वेगळा, सुरी दोनदा धुवायची. हा दोष चाऱ्याचाही नाही न जातीचाही नाही, पण गिऱ्हाईक म्हणणार 'मटणच उग्र होतं'.

शेवटचे एक-दोन दिवस सगळ्यात दुर्लक्षित. स्नायूत ग्लायकोजेन म्हणून साखर साठवलेली असते, कापल्यावर तिचं लॅक्टिक आम्ल होतं आणि मांसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७ च्या आसपासून ५.५ पर्यंत उतरतो. तो उतरला की मांस टिकतं, रंग उजळ राहतो, शिजल्यावर चव खुलते. जनावर लांबून गाडीत उभं राहून आलं, अनोळखी जनावरांशी झुंजलं, उपाशी राहिलं, घाबरलं, तर साखर आधीच जळून जाते आणि पीएच ६ च्या वरच अडकतो. असं मांस काळपट, कोरडं दिसतं, हाताला चिकट लागतं, चव बेतास बात आणि लवकर बिघडतं. आणि मोकळ्या रानात वाढलेल्या, माणसाची सवय नसलेल्या जनावराला गाडी आणि गर्दीचा धसका जास्त बसतो! वर्षभर कुरणात राजासारखं ठेवायचं आणि शेवटच्या सहा तासांत सगळं घालवायचं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता जनावर आदल्या दिवशी आणून, पाणी देऊन, त्याच्याच कळपातल्या सोबत्याबरोबर शांत ठेवलं असेल तरच घेतो. डुकरात उलटंही होतं, ऐनवेळी घाबरलं तर मांस गरम असतानाच आम्ल झपाट्याने वाढतं आणि ते फिकं, लिबलिबीत, पाणी सोडणारं होतं.

कापल्यानंतर किती दिवस थंडीत टांगलं हेही आहे, पण तो वेगळाच विषय, इतकंच सांगतो की मोठ्या जनावराला आठवडा-दोन आठवडे मिळाले तर स्नायूंमधलीच एन्झाइम्स त्याला मऊ करतात, आणि ताजं ताजं कापून लगेच शिजवलं तर चरणं-बिरणं सगळं वाया.

मग सासऱ्यांना का आवडलं? इथे मी हात वर करतो, कारण हे माणसावर आहे. १९९० च्या दशकात ब्रिटिश आणि स्पॅनिश खाणाऱ्यांना एकमेकांच्या देशांतलं कोकराचं मांस चाखायला दिलं, तर ब्रिटिशांनी गवतावरचं त्यांचंच निवडलं आणि स्पॅनिशांनी दूध-धान्यावरचं कोवळं त्यांचंच. दोघांनाही तोच वास येत होता, एकाला तो घरचा वाटला, दुसऱ्याला दोष. शिवाय नाकंही सारखी नसतात. खच्ची न केलेल्या डुकराच्या मांसात अँड्रोस्टेनोन नावाचा पदार्थ असतो, काहींना तो मुतासारखा उग्र वाटतो, काहींना गोडसर, काहींना वासच येत नाही, आणि २००७ मध्ये कळलं की नाकातल्या एका ठराविक जीनच्या फरकाशी याचा संबंध आहे. तुमच्या मेंढीत तो पदार्थ नव्हता, पण एकाच ताटातलं दोघांना वेगळं लागणं यात नाटक काही नाही एवढं त्यावरून समजतं. सासऱ्यांनी लहानपणी जून मटण खाल्लेलं असेल तर त्यांच्यासाठी तेच मटण.

आता तुमच्याकडे अजून किलोभर फ्रीजरमध्ये आहे म्हणालात, त्याचं असं करा. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा, पूर्ण सुटू दे. मग वरची जाड चरबी आणि तो पातळ कागदासारखा पापुद्रा सुरीने उचलून काढा, वासाचा बराच भाग त्याच्याबरोबर जाईल. अगदी सगळी काढू नका, नाहीतर चोथा होईल, बोटाच्या नखाएवढा थर राहू दे. काढलेल्या चरबीतला एक तुकडा कोऱ्या तव्यावर टाकून वितळवा आणि मुलांना न सांगता वास घ्यायला लावा, त्यांनी त्याच क्षणी तोंड फिरवलं तर दोषी कोण ते कळलं. मांस आधी चांगलं परतून खरपूस करा, मग पाणी घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर नेहमीच्या दुप्पट वेळ द्या, मध्ये तासाभराने काटा घालून बघा, घड्याळावर जाऊ नका. कुकरला असेल तर शिट्ट्या मोजून थांबू नका, मंद आचेवर ठेवून, वाफ जिरल्यावर उघडून बघा, लागलं तर परत लावा. वाढताना कढत वाढा, मेंढीची चरबी कोमट झाली की टाळूला चिकटते आणि वास दुप्पट वाटतो, मुलं हळू जेवतात तेव्हा हे फार होतं.

पुढच्या वेळी आणताना विकणाऱ्याला 'गवतावरचं का' हे विचारूच नका, त्याला उत्तर पाठ असतं. विचारा किती महिन्यांचं होतं, नर असेल तर खच्ची केलेला का, शेवटचे दोन-तीन महिने कशावर होतं आणि कापायच्या आदल्या दिवशी कुठे होतं. चारपैकी दोनांची उत्तरं अडखळत आली तरी मला पुरतात, एकाचंही आलं नाही तर मी साधं, लेबल नसलेलं कोवळं घेऊन येतो. आणि ती तव्यावरची वितळलेली चरबी टाकून देऊ नका, गाळून वाटीत ठेवा, सासऱ्यांच्या वाट्याच्या मटणावर वरून एक चमचा सोडा.